वेगाने वाढणाऱ्या छोट्या उद्योगांचे पुरस्कार: अर्ज करावा का? अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला उत्तर

तुमचा प्रश्न आधी दोन ओळींत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या अंबडला शीट मेटलचं युनिट, इलेक्ट्रिकल पॅनलचे एन्क्लोजर, म्हणजे पत्र्याच्या पेट्या, बनवता, १४ माणसं, २०२१-२२ ला ९० लाखांचा सेल होता तो २०२४-२५ ला २ कोटी ६० लाखांवर गेला. मागच्या आठवड्यात फोन आला की 'उत्तर महाराष्ट्रातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या लघुउद्योगांत तुमची निवड झालीये', मोठ्या हॉटेलात कार्यक्रम, सिनेमातल्या कुणाच्यातरी हातून ट्रॉफी, ३५ हजार अधिक जीएसटी, शुक्रवारच्या आत भरा. तर हा घ्यावा का, खरे पुरस्कार कुठले असतात, आणि मिळून उपयोग काय.

३५ हजारवाला घेऊ नका. तुम्ही अर्ज केला नाही, बॅलन्सशीट दिली नाही, युनिट बघायला कुणी फिरकलं नाही, मग निवड झाली कशाच्या जोरावर? नाव कुठल्यातरी डिरेक्टरीतून उचललेलं असतं आणि त्याच दिवशी तुमच्या लाइनमधल्या अजून वीस जणांना तोच फोन गेलेला असतो, शेजारच्या प्लॉटवाल्याला सहज विचारून बघा, बहुतेक त्याचीही 'निवड' झाली असेल. ही जाहिरात आहे, सोबत ट्रॉफी फुकट. जाहिरातच करायची असेल तर त्याच पैशांत थोडे घालून निमाच्या (नाशिकच्या उद्योजकांची संघटना) निमा इंडेक्ससारख्या प्रदर्शनात स्टॉल घ्या, निदान चार परचेसवाले दार उघडझाप करून, गॅस्केट दाबून बघतील तरी.

पण फी घेतली म्हणजे लगेच फसवणूक असंही नाही हां. अमेरिकेत इन्क मासिकाची वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांची जी यादी निघते, १९८२ पासून पाचशे कंपन्यांची आणि २००७ पासून पाच हजारांची, तिथेही अर्ज स्वतःच करायचा असतो आणि फी भरावी लागते, २०२० पासून त्यांनी तिकडे विभागीय याद्यापण सुरू केल्या. फरक एवढाच की तिथे आकडे मागतात, तीन वर्षांची सेलची वाढ काढतात आणि त्या टक्क्यावर नंबर लावतात, सुरुवातीच्या वर्षात अमुक इतका सेल नसेल तर घेतच नाहीत. फी तपासायची आहे का ट्रॉफीची आहे, हे बघायचं.

आता मी कोण बोलणारा ते सांगतो. १६ वर्षं अंबडलाच प्रेस पार्ट आणि फॅब्रिकेशनचं युनिट चालवलं, आता छोट्या युनिट्सचं कॉस्टिंग आणि बँकेचे कागद बघून देतो, आणि तीनेक वेळा अशा पुरस्कारांच्या निवड समितीत बसलोय. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार बघून झालाय.

तुमचे आकडे घेऊ. ९० लाखांचे २६० लाख, म्हणजे २.८९ पट. तीन वर्षांचा चक्रवाढ दर काढला तर साधारण ४२ टक्के येतो. इथे अर्ध्या लोकांची गडबड होते, तीन वर्षांची वाढ दाखवायला चार वर्षांचे आकडे लागतात, पहिलं वर्ष नुसतं पाया म्हणून. ऑफिसातली मुलं एक्सेलमध्ये तीनऐवजी दोनच गॅप धरतात आणि तोच धंदा ७० टक्क्यांनी वाढलेला दिसतो, मग आम्ही कागद मागितले की चेहरे पडतात. मुद्दाम करतात असं नाही, पण समितीसमोर आकडा चुकला की पुढचं सगळंच संशयाने बघितलं जातं. आणि पाया धरलेलं वर्ष २०२०-२१ असेल तर मी तरी त्या टक्क्याकडे बघतसुद्धा नाही, लॉकडाउनमध्ये शटर बंद असलेला प्रत्येक जण पुढच्या वर्षी 'वेगाने वाढला'.

आता तुम्हाला थोडं टोचणारं विचारतो. २०२१-२२ मध्ये तुम्ही लेबर जॉब करत होता का? म्हणजे पत्रा गिऱ्हाइकाचा, चलनावर यायचा, तुम्ही कटिंग-बेंडिंग-वेल्डिंग करून परत पाठवायचा आणि बिल फक्त मजुरीचं? कारण अंबड-सातपूरला गेल्या काही वर्षांत खूप जण लेबर जॉबवरून 'विथ मटेरियल'वर गेलेत. समजा किलोमागे मजुरी २५ रुपये मिळायची, आता पत्रा तुमचा म्हणून तेच बिल ९५ रुपयांचं होतं. काम तेवढंच, माणसं तेवढीच, वीज तेवढीच, सेल मात्र पावणेचार पट! आता ह्याला वाढ म्हणायचं का? कागदावर म्हणता येईल. पण जो समितीवाला स्वतः कारखान्यात राबलाय तो पहिला हाच प्रश्न विचारणार, की मटेरियल वजा केल्यावर मागे किती राहतं ते चारी वर्षांचं दाखवा. तो एक आकडा तुमच्या सीएकडून आजच काढून घ्या, पुरस्कार गेला खड्ड्यात, तुमच्या स्वतःसाठी काढा. तो दुप्पट झाला असेल तर तुम्ही खरंच वाढलात.

दुसरी आम्हा समितीवाल्यांची आवडती गोष्ट म्हणजे महावितरणचं बिल. सेल तिप्पट आणि विजेचे युनिट जागच्या जागी, तर एकतर लेझर आणि पावडर कोटिंग बाहेरून करून घेताय, जे ठीक आहे, किंवा बिलं नुसती फिरतायत. एकदा एक फाइल आली होती, वाढ ३०० टक्के, प्रोजेक्ट रिपोर्ट स्पायरल बाइंडिंगमध्ये, फोटो एकदम भारी. आमच्यातल्या एका रिटायर्ड बँकवाल्यांनी शांतपणे मार्चची सेल रजिस्टर उघडली, तर ३० आणि ३१ तारखेला तीन मोठी बिलं, तिन्ही एकाच पार्टीला, आणि त्या पार्टीचा पत्ता ह्यांच्याच प्लॉटचा, नंबरापुढे फक्त 'अ'. एप्रिलचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, मागवलं, त्यात क्रेडिट नोटा, म्हणजे माल परत आल्याच्या नोंदी. माल वर्षअखेरीला गेला आणि नवीन वर्षात परत आला, बहुधा गेटच्या बाहेरसुद्धा गेला नसेल. फाइल बंद करून ते फक्त 'चहा सांगा' म्हणाले. तेव्हापासून मी कुठल्याही अर्जाबरोबर पुढच्या दोन महिन्यांच्या क्रेडिट नोटा मागतोच.

म्हणून अर्जातला सेल, जीएसटीतला सेल, बँकेला दिलेला सेल आणि ऑडिटेड बॅलन्सशीटमधला सेल, हे चारही जुळलेच पाहिजेत आणि नसतील जुळत तर का ते अर्ध्या पानात लिहिलेलं पाहिजे. सीएचं सर्टिफिकेट युडीआयएन, म्हणजे प्रत्येक सर्टिफिकेटला मिळणाऱ्या वेगळ्या नंबरासकट घ्या, २०१९ पासून ते लागतंच, आणि तो १८ अक्षर-आकड्यांचा नंबर टाकून सर्टिफिकेट खरं की खोटं कुणीही ऑनलाइन तपासू शकतो. नुसत्या लेटरहेडवर 'टू हूमसोएव्हर' लिहून सही-शिक्का, ते दिवस गेले.

आता जे मला खरं सांगायचंय ते. २०१३ ला मला असाच एक पुरस्कार मिळाला होता, विकत घेतलेला नाही, अर्ज करून, युनिट बघून दिलेला. दोन वर्षांत सेल दुपटीच्या वर गेलेला. ब्लेझर भाच्याकडून मागून आणला, बाह्या दोन बोटं आखूड, आई पहिल्या रांगेत, आमच्या फोरमनने एवढ्या जोरात शिट्टी मारली की स्टेजवरचे साहेब हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला युनिटवर पोचलो तर पत्र्याचा व्यापारी माझ्या टेबलासमोर बसलेला, मांडीवर पेपर, घडी अशी घातलेली की माझा फोटो वर. 'फोटो झकास आलाय साहेब,' म्हणाला, 'आता आमचंपण बघा.' त्याचे ११ लाख ४० हजार द्यायचे होते, खात्यात ६२ हजार होते आणि बँकेचं सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटची उचल, टोकाला लागलेलं. मिसळ मागवली, त्याने पावसुद्धा मोडला नाही. हा माणूस एरवी दोन प्लेट खायचा.

असं का झालं ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. समजा गिऱ्हाइक ७५ दिवसांनी पेमेंट करतं. ९० लाखांच्या सेलवर बाजारात तुमचे साधारण साडेअठरा लाख अडकलेले असायचे. २६० लाखांवर तेच साडेत्रेपन्न लाख होतात. म्हणजे नुसती उधारीच ३५ लाखांनी वाढली, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, जो तुम्ही मंथली भरत असाल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला स्वतःच्या खिशातून भरता, गिऱ्हाइकाचा पैसा आलेला असो-नसो. शिवाय पत्र्याचा स्टॉक वाढला, चालू जॉब वाढले. आणि नफा? ६ टक्के धरा, वर्षाचा साडेपंधरा लाख. त्यातून घर चालवायचं, मशीनचा हप्ता भरायचा आणि ३५ लाखांचं भोकपण बुजवायचं. पत्रेवाला इतके दिवस थांबत नाही, थांबला तर रेट वाढवतो. सेल ज्या वर्षी सगळ्यात जोरात पळतो त्याच वर्षी खात्यात खडखडाट असतो, आणि पुरस्कारवाले नेमके त्याच वर्षी फोन करतात!

माझ्या वेळी एका मोठ्या गिऱ्हाइकाने मधेच ६० दिवसांचं ९० दिवस केलं, पत्रसुद्धा नाही, सिस्टीममध्ये बदललं आणि विषय संपला. मी एक प्रेस विकला, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, १० तारखेचा पगार तीन महिने २२ ला केला. फोरमनने ती शिट्टी परत कधी मारली नाही. युनिट वाचलं, पण सावरायला दोन वर्षं गेली.

तुमच्या हातात आज दोन-तीन गोष्टी आहेत ज्या तेव्हा माझ्या हातात नव्हत्या, किंवा असून माहीत नव्हत्या. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांचं सरकारी रजिस्ट्रेशन, असेलच, फुकट आहे, एजंटला पैसे देऊन केलं असेल तर ते गेले समजा. तो नंबर प्रत्येक इनव्हॉइसवर छापा. एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, आणि इन्कमटॅक्सच्या ४३ बी (एच) मुळे २०२३-२४ पासून मुदत चुकवणाऱ्या गिऱ्हाइकाला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात, हे दृश्य मी माझ्या आयुष्यात बघेन असं वाटलं नव्हतं. दुसरं ट्रेड्स, म्हणजे बिल डिस्काउंटिंगचे प्लॅटफॉर्म. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना तिथे रजिस्टर होणं आता बंधनकारक आहे, तुमचं मोठं गिऱ्हाइक त्यात बसत असेल तर बिल टाका, त्यांनी ॲक्सेप्ट केलं की पैसे काही दिवसांत येतात, व्याज कापून. सगळेच ॲक्सेप्ट करतात असं नाही, मागे लागावं लागतं.

खऱ्या पुरस्कारांकडे येतो. सगळ्यात आधी जिल्हा उद्योग केंद्र, सातपूरला त्र्यंबक रोडवर आयटीआयजवळ उद्योग भवन आहे तिथे. राज्य सरकारची जिल्हा पुरस्कार योजना त्यांच्यामार्फत चालते, लघुउद्योजकांसाठीच आहे, पहिला आणि दुसरा क्रमांक, रोख रक्कम फार नाही, शाल-श्रीफळ आणि मानचिन्ह. ग्लॅमर शून्य. पण तुमची स्पर्धा जिल्ह्यातल्याच युनिट्सशी आणि वर सरकारी शिक्का, मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात इथूनच केली असती. मग केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाचे राष्ट्रीय पुरस्कार, तिथे स्पर्धा देशभराची. निमा, अंबडची उद्योजक संघटना आयमा, महाराष्ट्र चेंबर ह्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि मेल बघत राहा, अर्ज कधी निघतायत ते तिथेच आधी कळतं. डेलॉइटची टेक्नॉलॉजी फास्ट ५० वगैरे तुमच्यासाठी नाही, ती टेक्नॉलॉजी कंपन्यांची आहे.

अर्ज भरताना एक गंमत लक्षात ठेवा, तुम्ही स्वतःला 'लघु' म्हणता पण १ एप्रिल २०२५ पासूनच्या नव्या व्याख्येत मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि टर्नओव्हर १० कोटींपर्यंत असेल तर तुम्ही 'सूक्ष्म' आहात. लघुची टर्नओव्हरची हद्द १०० कोटी. लोक कमीपणा वाटतो म्हणून 'लघु'वर टिक करतात आणि ८० कोटीवाल्याशी कुस्ती खेळायला उतरतात. जिथे वेगळे गट असतील तिथे सूक्ष्ममध्येच भरा, उद्यम सर्टिफिकेटवर जे आहे तेच.

युनिट बघायला आले तर रंगरंगोटी करू नका. ताजा ऑइल पेंट आम्हाला वासावरून कळतो. मी स्वतः तीन गोष्टी बघतो. रिजेक्शनचा लाल क्रेट, तो रिकामा असेल तर मला शंका येते, भरलेला असेल आणि प्रत्येक पीसला तारीख-कारणाचा टॅग असेल तर मी खूश. मग हजेरीपत्रक आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, १४ माणसं म्हणजे कारखान्याला ते लागतंच, हजेरीवर १४ आणि चलनात ६ असं असेल तर पुढे काही विचारत नाही. आणि तिसरं, प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, उभा असलेला मुलगा काम कसं करतो, हात डायपासून किती लांब ठेवतो. फॅब्रिकेशनमध्ये वाढीची घाई सगळ्यात आधी बोटांवर येते, हे ज्याने एकदा बघितलंय तो विसरत नाही.

फायदा होतो का? थोडा होतो. नवीन मोठ्या गिऱ्हाइकाकडे व्हेंडर रजिस्ट्रेशनला गेलात की तिसऱ्या कुणीतरी आकडे तपासलेत ह्याने परचेसवाल्याला जरा धीर येतो. चांगला वेल्डर टिकवायला उपयोग होतो, तो गावी फोटो पाठवतो. समितीतल्या एखाद्या रिटायर्ड प्लँट हेडशी ओळख झाली तर ती ट्रॉफीपेक्षा मोठी. बँकेत मात्र काही नाही, मॅनेजर अभिनंदन करतो, पेढा खातो आणि स्टॉक स्टेटमेंट मागतो. जेम, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवरचं टेंडर त्याने मिळत नाही. तिकडे झेड, म्हणजे केंद्राच्या क्वालिटी योजनेचं सर्टिफिकेट जास्त कामाचं, त्याच्या फीवर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सबसिडी आहे.

आणि तोटा कुणी सांगत नाही तो पण ऐका. फोटो पेपरात आला की गिऱ्हाइक पुढच्या मीटिंगला 'तुमचं मस्त चाललंय, आमचे रेट बघा जरा' म्हणतं. दिवाळीला बोनसची अपेक्षा वाढते, जी चुकीची नाही. आणि मामेभावाचा फोन येतो.

तर माझं म्हणणं असं की यंदा अर्जाचा फॉर्म आणा, चार वर्षांचे आकडे भरा, मटेरियल वजा करून राहणारी रक्कम आणि उधारीचे दिवस हे दोन कॉलम स्वतःच वाढवा. उधारी ७५ दिवसांच्या पुढे सरकत असेल किंवा सीसी सतत टोकाला असेल तर फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवा आणि आधी वसुलीला लागा, पुरस्कार पुढच्या वर्षीही असतात. दोन्ही कॉलम बरे दिसले तर जिल्हा उद्योग केंद्रात बिनधास्त टाका, फाइलच्या दोन कॉप्या करा, एकीवर पोच घ्या.

राहिला तो शुक्रवारवाला फोन. उद्धट बोलू नका, एवढाच मेसेज करा: 'निवड समितीतल्या सदस्यांची नावं, मूल्यमापनाचे निकष आणि मागच्या वर्षी अर्ज करून नाकारलेल्यांची संख्या कृपया कळवावी.' आजवर चार जणांना मी हा मेसेज लिहून दिलाय. तिघांना उत्तरच आलं नाही, चौथ्याला २० हजारांची ऑफर आली.